वनस्पतीचा अर्क खरंच विषाणू रोखतो का? पान तोडण्यापासून शुद्ध संयुगापर्यंतच्या पायऱ्या

दर उन्हाळ्यात माझ्याकडे एमएस्सीचे प्रकल्प आणि पीएचडीचे मसुदे वाचायला येतात. विषय साधारण एकाच वळणाचा असतो: अमुक औषधी वनस्पतीच्या अर्काचा तमुक विषाणूवर होणारा परिणाम. निष्कर्षही ठरलेला, अर्क प्रभावी आहे. तक्ते नीट पाहिले की बऱ्याचदा वेगळंच दिसतं. अर्काने विषाणूला रोखलेलं नसतं, पेशी मारलेल्या असतात. आणि मेलेल्या पेशीत कुठलाच विषाणू वाढत नाही.

वर्ष-दीड वर्षाची मेहनत अशी वाया गेलेली पाहून फार वाईट वाटतं. मुलं आळशी नसतात. त्यांना क्रम कुणी सांगितलेला नसतो. वनस्पतीची ओळख शेवटी करून घेतली जाते, विषाक्तता विषाणूच्या प्रयोगानंतर मोजली जाते, टॅनिन (वनस्पतीतलं तुरट द्रव्य) तर कुणी तपासतच नाही. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आणि त्या क्रमात कुठे पाय घसरतो त्याबद्दल आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. वनस्पती: काळमेघ, म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा, आपल्याकडचं ओलं किराईत. संयुग: त्यातलं कडू डायटर्पीन लॅक्टोन, अँड्रोग्राफोलाइड. विषाणू: हर्पीस सिंप्लेक्स प्रकार १. पेशी: व्हेरो, म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेली पेशीवंशरेषा. हा विषाणू निवडण्याचं कारण साधं आहे. तो जैवसुरक्षा स्तर २ च्या प्रयोगशाळेत हाताळता येतो, स्वच्छ प्लाक (पेशी मेल्यामुळे थरात पडलेली, मोजता येणारी भोकं) देतो आणि त्याच्यावर असायक्लोव्हिर हे नेमकं औषध तुलनेला उपलब्ध आहे.

## ०. हात लावण्याआधी

चार गोष्टी कागदावर हव्यात.

पहिली, परवानग्या. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी विषाणू मागवण्यापूर्वी घ्या. वनक्षेत्रातून झाड गोळा करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. पुढे पेटंट किंवा कंपनीशी करार करायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती आधी वाचा. झाड गोळा करून झाल्यावर हे सुचलं तर उशीर झालेला असतो.

दुसरी, प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘काळमेघाच्या पानांचा मिथेनॉल अर्क, पेशींना न मारता, व्हेरो पेशींमध्ये हर्पीसचे प्लाक कमी करतो का?’ एवढंच. पाच विषाणू आणि बारा वनस्पती एका प्रकल्पात घेतल्या की एकाही जोडीचं काम पूर्ण होत नाही.

तिसरी, पेशींची मर्यादा ओळखा. व्हेरो पेशी स्वतः प्रकार १ चं इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध बचाव जागा करणारं प्रथिन) तयार करत नाहीत. तुमचं संयुग पेशीची स्वतःची इंटरफेरॉन-यंत्रणा जागी करून काम करत असेल, तर या पेशींत ते निरुपयोगी दिसेल. उलटंही घडतं. क्लोरोक्विनने कोरोना विषाणूला व्हेरो पेशींत रोखलं, मानवी फुप्फुसाच्या कालू-३ पेशींत मात्र रोखलं नाही, हे २०२० मध्येच दिसलं होतं. म्हणून शेवटी दुसऱ्या, शक्यतो मानवी पेशींत एकदा पडताळणी करायची, हे आत्ताच वेळापत्रकात घाला.

चौथी, पेशी विश्वासू ठिकाणाहून आणा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार त्यासाठीच आहे. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या, किती वेळा वाढवल्या याची नोंद नसलेल्या पेशींवर काम सुरू करू नका. आल्या दिवशीच मायकोप्लाझ्माची (पेशींसोबत नकळत वाढणाऱ्या जिवाणूची) चाचणी करा.

## १. वनस्पती गोळा करणं आणि ओळख पटवणं

इथे चूक झाली तर पुढची एकही पायरी तिला सुधारू शकत नाही.

बाजारात ‘किराईत’ मागितलं तर दुकानदार काय देईल याचा नेम नाही. कधी काळमेघ मिळतं, कधी स्वर्शिया कुळीतलं काडेचिराईत. दोन्ही कडू, दोन्ही तापावर वापरतात, पण त्यांची कुळं वेगळी आणि रसायनंही वेगळी. भुईआवळ्याचंही तसंच. फायलँथस अमॅरस म्हणून आणलेल्या जुडीत फायलँथस युरिनेरिया सहज मिसळलेला असतो. पहिल्याचं फळ गुळगुळीत आणि देठाचं, दुसऱ्याचं खरबरीत आणि जवळजवळ बिनदेठाचं. वाळवून चुरा केला की हा फरक कुणालाच दिसत नाही.

ओळख न पटवल्याची किंमत काय असते ते गुळवेलीच्या बाबतीत दिसलं. २०२० मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती हे तपासलेलं नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. बाजू कुठलीही घ्या, वाद उभा राहिला तो वनस्पतीच्या ओळखीवरच.

काय करायचं:

१. फुलं किंवा फळं असलेली फांदी घ्या. काळमेघाला पावसाळा सरताना फुलोरा धरू लागतो, तेव्हा पानांत अँड्रोग्राफोलाइडही भरपूर असतं.

२. त्याच दिवशी, त्याच ताटव्यातून दोन-तीन फांद्या दाबून हर्बेरियम नमुना तयार करा. ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक लिहा.

३. नमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये द्या आणि तिथला क्रमांक घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम.

४. कुठला भाग घेतला ते ठरवा आणि तेवढाच घ्या. ‘संपूर्ण वनस्पती’ लिहायचं आणि पिशवीत नुसती खोडं, असं होऊ देऊ नका.

तपासा: हर्बेरियमचा क्रमांक हातात आल्याशिवाय दळण सुरू करायचं नाही. ‘वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनी ओळखली’ एवढं पुरत नाही. उद्या कुणाला शंका आली तर काढून बघता येईल असा नमुना हवा.

## २. वाळवणं आणि दळणं

सावलीत, हवेशीर जागी, एका थरात पसरून वाळवा. ओव्हन असेल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नका. उन्हात घातलं तर काम लवकर होतं, पण संयुगं बिघडतात.

कोकणातल्या मुलांना खास सांगणं. दमट हवेत पान वरून वाळल्यासारखं दिसतं आणि देठाशी बुरशी धरते. बुरशीची विषं अर्कात उतरतात आणि पेशी मारतात. मग तुम्ही काळमेघाची नव्हे, बुरशीची विषाक्तता मोजत बसता. पान चुरगळल्यावर कुरकुरीत मोडलं पाहिजे. शक्य असेल तर ओलावा मोजा, तो १० टक्क्यांच्या खाली असावा.

मिक्सर थोडा थोडा वेळ थांबत चालवा, भांडं तापू देऊ नका. दोन वनस्पतींच्या मध्ये भांडं धुऊन, अल्कोहोलने पुसून कोरडं करा. भुकटी हवाबंद गडद बाटलीत ठेवा आणि बाटलीवर हर्बेरियमचा तोच क्रमांक लिहा. त्यातली २० ग्रॅम भुकटी बाजूला काढून ठेवा आणि तिला हात लावू नका.

## ३. अर्क काढणं

५० ग्रॅम भुकटी, ५०० मिलीलिटर मिथेनॉल. झाकण लावून २४ तास, अधूनमधून हलवत. गाळा. त्याच चोथ्यावर पुन्हा नवं मिथेनॉल, असं एकूण तीन वेळा. तिन्ही गाळणं एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांवर आटवा, नंतर निर्वातात पूर्ण कोरडं करा.

सॉक्सलेट वापरायचा मोह होतो, कारण तो एका दिवसात उरकतो. पण त्यात अर्क तासन्‌तास उकळत्या द्रावकात राहतो. उष्णतेने बिघडणारं काही असेल तर ते तिथेच जातं. पहिल्या अर्कासाठी थंड पद्धतच बरी.

आता वजन करा. ५० ग्रॅम भुकटीतून ६.५ ग्रॅम अर्क आला तर उतारा १३ टक्के. हा आकडा लिहिलेला नसेल तर तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला करून पाहता येत नाही.

इशारा: अर्कात राहिलेलं मिथेनॉल पेशींना मारतं. बाटली उघडी ठेवून ‘वास गेला’ म्हणजे वाळलं, असं धरू नका. चार-सहा तासांच्या अंतराने दोनदा वजन करा, ते सारखं आलं तरच अर्क कोरडा झाला.

दुसरा इशारा: रिकामं मिथेनॉल, वनस्पतीविना, याच सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि शेवटी जे उरेल ते डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात घ्या. हा तुमचा द्रावक-कंट्रोल. फिल्टर कागद, नळ्या, ग्रीस यांतून काही उतरत असेल तर ते इथे पकडलं जातं.

## ४. टॅनिनची झडती

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि खोटे ‘विषाणूरोधी’ निकाल बहुतेक इथूनच जन्माला येतात.

टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. चामडं कमावतात ते याच गुणावर. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर प्रथिनं असतात, टॅनिन त्यांना लगडतं आणि विषाणू पेशीला धरू शकत नाही. प्लेटमध्ये निकाल झकास दिसतो. पण शरीरात हेच टॅनिन विषाणूआधी लाळेतल्या, आतड्यातल्या आणि रक्तातल्या प्रथिनांना चिकटणार. हिरडा, आवळा, डाळिंबाची साल, बाभळीची साल घेऊन काम करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं. काळमेघात टॅनिनचा भार त्या मानाने हलका असतो, तरी तपासायचंच.

सोप्या दोन चाचण्या पुरतात. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्यावर निळसर-काळा किंवा हिरवट-काळा रंग आला तर फिनॉलिक द्रव्यं आहेत. मीठ घातलेलं १ टक्का जिलेटिन टाकल्यावर गढूळ साका बसला तर टॅनिन आहे. दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची.

टॅनिन निघालं तर अर्काचा एक भाग पॉलिअमाइडच्या छोट्या स्तंभातून काढा. मग ‘टॅनिनसह’ आणि ‘टॅनिनविना’ असे दोन्ही नमुने पुढच्या प्रत्येक पायरीत सोबत चालवा. टॅनिन काढल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तसंच लिहा. तो निकाल छापण्यासारखा आहे, लपवण्यासारखा नाही.

## ५. स्टॉक तयार करणं

काळमेघाचा कोरडा अर्क डीएमएसओत १०० मिलिग्रॅम प्रति मिलीलिटर विरघळवा. हा स्टॉक हजारपट विरळ केला की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर मिळतं आणि डीएमएसओ ०.१ टक्का उरतं. पेशींवर डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर कधीच जाऊ देऊ नका, ०.१ ते ०.२ मध्ये राहिलात तर उत्तम.

इथे एक चूक फार होते. सर्वांत तीव्र द्रावण पेशींच्या पोषक माध्यमात बनवून त्याचंच माध्यमात पुढे निम्मं-निम्मं करत जातात. मग पहिल्या खळग्यात डीएमएसओ जास्त, शेवटच्यात नगण्य. परिणाम अर्काचा की डीएमएसओचा, ते कळायला मार्ग राहत नाही. विरळीकरणाची साखळी आधी शुद्ध डीएमएसओत बनवा आणि प्रत्येक पायरीतून सारखंच आकारमान माध्यमात घाला.

गाळायचं असेल तर ०.२२ मायक्रॉनची पीटीएफई किंवा नायलॉनची चकती घ्या. सेल्युलोज अॅसिटेटची चकती डीएमएसओत टिकत नाही आणि तिचा लगदा तुमच्या अर्कात येतो. गाळल्यावर फिल्टरवर गाळ दिसला तर तुमची तीव्रता आता १०० राहिलेली नाही, हेही लक्षात घ्या.

अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारच कमी विरघळतं. त्याच्या लॅक्टोन वलयाला अल्कधर्मी द्रावण मानवत नाही, म्हणून विरघळावं म्हणून सोडा घालू नका.

तपासा: माध्यमात अर्क मिसळल्यावर लगेच आणि ३७ अंशांवर तासाभराने, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुया, तेलकट थेंब किंवा साका दिसला तर ती तीव्रता यादीतून काढा. माध्यमाचा गुलाबी-लाल रंग पिवळा पडला तर अर्क आम्ल आहे. अशा वेळी पेशी आणि विषाणू दोघांवरही होणारा परिणाम आम्लाचा असू शकतो.

स्टॉकचे छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. एकच कुपी दहा वेळा वितळवून गोठवू नका.

## ६. आधी विषाक्तता, मगच विषाणू

या पायरीआधी विषाणूची कुपी फ्रीझरमधून बाहेर काढायची नाही.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात साधारण १०,००० पेशी घाला. कडेचे खळगे रिकामे सोडा, त्यांत नुसतं बफर भरा, कारण तिथलं पाणी लवकर उडतं. दुसऱ्या दिवशी थर भरलेला दिसला की अर्क घाला: २००, १००, ५०, २५, १२.५, ६.२५, ३.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर.

किती वेळ ठेवायचं? विषाणूचा प्रयोग जेवढा वेळ चालणार तेवढाच. प्लाकचा प्रयोग ७२ तास चालणार असेल आणि विषाक्तता २४ तासांची मोजली, तर ती मोजणी कुचकामी आहे. २४ तासांत तगलेल्या पेशी तिसऱ्या दिवशी गळतात.

आता एमटीटी. जिवंत पेशी या पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळं स्फटिक करतात, म्हणून जांभळं जास्त म्हणजे पेशी जिवंत. पण पॉलिफिनॉल पेशींच्या मदतीशिवाय, स्वतःच हे रूपांतर करतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्लेटमध्ये सर्वांत तीव्र अर्काच्या खळग्यांत १३० टक्के पेशी ‘जिवंत’ निघाल्या. आम्ही दोघं खूश झालो होतो. मग सूक्ष्मदर्शक लावला तर तळाशी एक पेशी चिकटलेली नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे दोन नियम आहेत. एक, अर्क अधिक एमटीटी, पेशींविना, असे खळगे प्रत्येक प्लेटमध्ये हवेतच. दोन, एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून पेशी बफरने धुवायच्या. शिवाय एकदा तरी न्यूट्रल रेड किंवा ट्रिपॅन ब्लूने पडताळणी करायची.

५० टक्के पेशी मरतील ती तीव्रता म्हणजे सीसी५०. ती आलेखावरून काढा, अंदाजाने नाही. पुढच्या प्रयोगात वापरायची कमाल तीव्रता मात्र सीसी५० नव्हे. ९० टक्क्यांहून जास्त पेशी तगतात ती तीव्रता ही तुमची वरची मर्यादा.

इशारा: एकाच प्लेटमधले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, ताज्या पेशींवर, तीन वेळा करा. त्रुटीपट्टी त्या तीन दिवसांवरून काढायची.

## ७. विषाणू मोजणं आणि प्लाकचा प्रयोग

आधी विषाणूचा साठा मोजा. एक लाखपट विरळ केलेल्या विषाणूचे ०.२ मिलीलिटर घातल्यावर ४२ प्लाक आले, तर ४२ भागिले ०.२, गुणिले एक लाख, म्हणजे मिलीलिटरमागे २ कोटी १० लाख प्लाक-घटक. हा आकडा दर नव्या साठ्यासाठी काढायचा. कुपीवर जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका.

मग मुख्य प्रयोग:

१. १२ खळग्यांच्या प्लेटमध्ये व्हेरोचा पूर्ण भरलेला थर.

२. प्रत्येक खळग्यात ६० ते ८० प्लाक येतील एवढा विषाणू. जास्त घातला तर प्लाक एकमेकांत मिसळतात, फार कमी घातला तर दोन-चारच्या चढउताराने टक्केवारी उड्या मारते.

३. ३७ अंशांवर एक तास. दर १५ मिनिटांनी प्लेट हलक्या हाताने झुलवा, नाहीतर मधला भाग सुकतो आणि तिथे पेशी मरून खोटं भोक दिसतं.

४. विषाणू काढून टाका, धुवा आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं घट्टसर माध्यम घाला. अर्क या माध्यमात मिसळलेला असावा.

५. दोन ते तीन दिवसांनी फॉर्मॅलिनने स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा. पांढरी भोकं मोजा.

मोजणाऱ्याला कुठल्या खळग्यात काय आहे हे माहीत नसावं. प्लेटवर नुसते क्रमांक टाका आणि दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. मन आपल्या अर्काच्या बाजूने झुकतं, त्यावर एवढा सोपा उपाय दुसरा नाही.

प्रत्येक प्लेटसंचात हे कंट्रोल हवेत: नुसत्या पेशी, पेशी आणि विषाणू, पेशी आणि विषाणू आणि डीएमएसओ, पायरी ३ मधला द्रावक-कंट्रोल, विषाणूविना अर्क आणि असायक्लोव्हिर. असायक्लोव्हिरचा आकडा दर वेळी तुमच्याच मागच्या आकड्याच्या आसपास यायला हवा. तो तिप्पट-चौपट सरकला तर त्या दिवसाचा सगळा प्रयोग बाद, अर्काचा निकाल कितीही सुंदर असो.

तपासा: प्लाकची संख्या तीच पण आकार बारीक झाला असेल तर तेही नोंदवा, व्यास मोजा. विषाणू पेशीत शिरतोय, पण पुढे पसरताना अडतोय, असं त्यातून दिसतं. फक्त संख्या मोजणारे हा धागा हरवतात.

## ८. निवड-निर्देशांक: इथे खरा निकाल लागतो

प्लाक निम्मे करणारी तीव्रता म्हणजे ईसी५०. सीसी५० ला तिने भागलं की निवड-निर्देशांक येतो.

समजा सीसी५० आहे १८० आणि ईसी५० आहे ६०. निर्देशांक ३. विषाणू निम्मा रोखायला जी तीव्रता लागते तिच्या फक्त तिप्पट तीव्रतेवर निम्म्या पेशी मरतात. याला विषाणूरोधी म्हणणं मला मान्य नाही. पुढे काम करायला निर्देशांक निदान १० हवा. अर्काची ईसी५० मिलीलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या खाली आणि शुद्ध संयुगाची २५ मायक्रोमोलारच्या खाली, हा या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा उंबरठा आहे. त्याच्या वर सापडलेल्या परिणामाच्या मागे लागून वर्ष घालवू नका.

मसुद्यांमध्ये ‘५०० मायक्रोग्रॅमला ९८ टक्के प्रतिबंध’ असं वाक्य ठळक अक्षरांत असतं. त्या तीव्रतेवर पेशींचं काय झालं, हे सहसा कुठेच नसतं.

## ९. अर्क नेमका कधी काम करतो

हा प्रयोग चार वेळा, चार वेगवेगळ्या वेळी अर्क घालून करा: पेशींवर आधी घालून धुवून टाकून, विषाणूत थेट मिसळून, विषाणू चिकटत असताना आणि विषाणू आत शिरल्यावर.

दुसऱ्या प्रकारात एक सापळा आहे. विषाणूत अर्क मिसळून तासाभराने तेच मिश्रण पेशींवर ओतलं, तर अर्क पेशींवरही गेला. मग परिणाम कुठला? म्हणून मिश्रण पेशींवर घालण्याआधी निदान १०० पट विरळ करा, म्हणजे अर्काची तीव्रता निष्प्रभ होण्याइतकी खाली जाईल. विषाणू सुरुवातीला तेवढा जास्त घ्यावा लागतो, हे गणित आधी करून ठेवा.

परिणाम फक्त थेट मिसळल्यावर दिसत असेल तर संशय घ्या. रिठ्यातल्यासारखी सॅपोनिनं हर्पीसचं स्निग्ध आवरण साबणासारखं फोडतात, टॅनिन प्रथिनांना लगडतं. विषाणू आत शिरल्यानंतर घातलेला अर्कही काम करत असेल, तर मात्र पुढे जाण्यात अर्थ आहे.

अँड्रोग्राफोलाइडसाठी आणखी एक चाचणी सुचवतो. त्याचं लॅक्टोन वलय प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांशी रासायनिक बंध जोडू शकतं. म्हणजे ते एकाच लक्ष्याला धरेल याची खात्री नाही. माध्यमात ग्लुटाथायोन (स्वतः गंधकयुक्त गट असलेला छोटा रेणू) घालून प्रयोग करा. परिणाम विरघळून गेला, तर हाच सरसकट बंध कारणीभूत असण्याची शक्यता मोठी. तसंच सीरम २ टक्के आणि १० टक्के, दोन्हींत करून पाहा. सीरम वाढवल्यावर परिणाम कोसळत असेल तर रक्तात काय होईल याचा अंदाज येतो.

## १०. अर्कातून संयुगाकडे

अर्क पाण्यात कालवून क्रमाने हेक्झेन, इथाइल अॅसिटेट आणि ब्युटेनॉलने वेगळा करा. अँड्रोग्राफोलाइड मुख्यतः इथाइल अॅसिटेटमध्ये उतरतं. प्रत्येक भागाचं वजन करा आणि सहा ते आठ या पायऱ्या प्रत्येकावर पुन्हा करा. हो, पुन्हा. विषाक्तताही.

मग हिशेब मांडा. वजन भागिले ईसी५० म्हणजे त्या भागातली एकूण क्रिया. समजा ५ ग्रॅम अर्काची ईसी५० २० मायक्रोग्रॅम होती, तर क्रिया २,५०,०००. त्यातून निघालेल्या १ ग्रॅम इथाइल अॅसिटेट भागाची ईसी५० ५ आली, तर २,००,०००. म्हणजे बहुतेक क्रिया याच भागात आहे, पुढे चला. पण सगळ्या भागांची बेरीज ३०,००० च येत असेल तर थांबा. एकतर संयुग वाटेत बिघडलं, किंवा दोन संयुगं मिळून काम करत होती आणि तुम्ही त्यांची फारकत केली. भाग पुन्हा एकत्र करून तपासा. क्रिया परत आली तर दुसरं कारण, नाही आली तर पहिलं.

सिलिकाच्या पट्टीवर क्लोरोफॉर्म-मिथेनॉल मिश्रणात अँड्रोग्राफोलाइडचा प्रमाण नमुना शेजारी ठेवून चालवा. तो विकत मिळतो, महाग नाही. नंतर एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) सी-१८ स्तंभ आणि २२५ नॅनोमीटरच्या आसपास शोध. मिथेनॉलमधून त्याचे रंगहीन स्फटिक चांगले पडतात, वितळणबिंदू २३० अंशांच्या आसपास. रेणुभार ३५०.४. एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) केल्याशिवाय नाव घेऊ नका, कारण निओअँड्रोग्राफोलाइड आणि डीऑक्सी प्रकार याच झाडात शेजारी शेजारी असतात.

इशारा: तुमचं ‘शुद्ध’ संयुग ९५ टक्क्यांहून कमी शुद्ध असेल, तर परिणाम उरलेल्या भेसळीचाही असू शकतो. विकत आणलेल्या शुद्ध नमुन्याने तोच प्रयोग करा. दोघांची ईसी५० जुळली पाहिजे.

### डॉकिंगविषयी

संगणकावर संयुग प्रथिनात बसवून, ते किती घट्ट बसतं याचा ‘उणे ९’ आकडा आला, म्हणजे काही सिद्ध झालं नाही. कोरोनाच्या काळात अशा निबंधांचा पूर आला. क्वेर्सेटिन आणि हळदीतलं कर्क्युमिन तर जवळजवळ प्रत्येक प्रथिनात बसतात. कर्क्युमिन शिवाय अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं, हे औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच सविस्तर मांडलंय. डॉकिंग करा, पण दहाव्या पायरीनंतर, आणि पुढचा प्रयोग ठरवण्यापुरतं.

## ११. निकाल लिहिताना

‘या प्रयोगात, या पेशींत, या तीव्रतेला प्लाक एवढे कमी झाले’ असं लिहा. ‘उपचार’, ‘औषध’, ‘प्रतिकारशक्ती’ हे शब्द तुमच्या प्रयोगातून निघत नाहीत. प्लेटमध्ये १० मायक्रोमोलार लागत असेल आणि तोंडावाटे घेतल्यावर रक्तात जेमतेम १ मायक्रोमोलारच्या आसपास पोचत असेल, जशी अँड्रोग्राफोलाइडची गत आहे, तर हा फरक चर्चेच्या भागात स्वतःहून मांडा.

वनस्पतीतून आलेलं आणि विषाणूवर चालणारं, या दोन गोष्टींची गल्लत करू नका. ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध बनवायला चक्रफुलातलं शिकिमिक आम्ल कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. ते आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला रोखत नाही, आणि चक्रफूल उकळून प्यायल्याने औषध तयार होत नाही.

भुईआवळ्याचा दाखला तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा. १९८८ मध्ये मद्रासच्या चाचणीत फायलँथस अमॅरस घेतलेल्या ३७ हिपॅटायटिस बी वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातलं पृष्ठ-प्रतिजन (विषाणूच्या आवरणाचं, संसर्गाची खूण असलेलं प्रथिन) नाहीसं झालं, तुलनागटात २३ पैकी एकाचंच. नंतर इतर ठिकाणी केलेल्या चाचण्यांत तसं यश आलं नाही. माणसांवरच्या चाचणीचंही असं होऊ शकतं, तर आपल्या बारा खळग्यांच्या प्लेटवरून घरात कुणाला काढा पाजायला सांगू नका. प्रयोगशाळेतला अर्क चाखूनही पाहू नका.

परिशिष्टात हे सगळं हवं: हर्बेरियम क्रमांक, गोळा केल्याची तारीख आणि जागा, उतारा, टॅनिनची चाचणी, डीएमएसओची टक्केवारी, पेशी कितव्या फेरीतल्या, मायकोप्लाझ्माचा निकाल, असायक्लोव्हिरचे सगळे आकडे आणि न जमलेले प्रयोगसुद्धा. एचपीएलसीचा आलेख जोडा, म्हणजे दुसऱ्या कुणाचा अर्क तुमच्यासारखा आहे का ते ताडता येईल.

बाजूला काढून ठेवलेली २० ग्रॅम भुकटी प्रबंध सादर झाल्यावर फेकू नका, मार्गदर्शकाकडे नोंद करून द्या. आणि पुढच्या वर्षी, पाऊस सरता सरता, त्याच जागी जाऊन काळमेघ पुन्हा गोळा करा: नवा नमुना, नवा क्रमांक, नवा अर्क. दोन्ही वर्षांची ईसी५० एकमेकांच्या दुपटीच्या आत आली, तरच मसुदा माझ्याकडे पाठवा.